सीताफळाचा उखाणा

मी आठवी-नववीला विज्ञान शिकवत आले, त्यामुळे पुरावा मागायची खोड हाडात मुरली आहे. कुणी भुताखेताचं सांगू लागलं की मी आधी विचारते, तेव्हा लाइट होती का? या असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... अजूनही फारसा नाही. पण हे एक कोडं मला सुटत नाही, म्हणून तुमच्यापुढे ठेवते.

आम्ही शहराच्या छावणी भागात राहतो. आमच्या ह्यांचं, दिनकररावांचं, मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं दुकान. माणूस पाचोडचा, आणि बोलका इतका की गिऱ्हाईक मोटार न्यायला यायचं आणि जेवूनच जायचं. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला — ‘व्हय’. चहा हवा? व्हय. नको का? व्हय. मी कोण? व्हय. पहिल्यांदा मला हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन मी खूप रडले. ज्या माणसाला मी रोज ‘जरा गप्प बसा’ म्हणायचे, त्याचं एक वाक्य ऐकायला माझा जीव तरसत होता.

त्यांना स्पीच थेरपी द्यायला नसरीन घरी यायची. ती म्हणाली, “काकू, बोलणं जातं, पण पाठ असलेलं कधी कधी राहून जातं. आरती, पाढे, गाणं... कुछ भी चलेगा. तुमच्यात ते नाव घेतात ना लग्नात, ते म्हणवून बघा.”

ह्यांचा उखाणा अख्ख्या पाचोडला पाठ होता. ‘मोटारला कॉइल, कॉइलला तार, सुनंदाचं नाव घेतो, भूक लागली फार.’ मी रोज सकाळी सुरुवात करून द्यायचे, “मोटारला कॉइल...” आणि हे मन लावून म्हणायचे, “व्हय.” पावसाळा असाच गेला. नसरीन धीर द्यायची, पण तिचाही चेहरा मला वाचता येत होता.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. सकाळी अंगणात ऊन होतं. ह्यांना गिळताना ठसका लागायचा म्हणून मी सीताफळाच्या बिया काढून गर वाटीत घेत होते. हे खुर्चीत बसून माझ्या हाताकडे बघत होते. आणि अडखळत, पण चालीत, ते म्हणाले —

“सीताफळात... बियाच फार... गर मात्र थोडा... दिनकररावांचं... नाव घेते... आता वाट सोडा.”

मी बरबटलेल्या हातांनीच त्यांचा चेहरा धरला आणि रडले. ते परत बोलणार होते, दुसरं काही सुचतच नव्हतं. वाटी पालथी झाली होती, ते नंतर दिसलं. आणि त्याहून नंतर, हात धुताना, मी नळापाशी थबकले.

हा उखाणा त्यांचा नव्हता, माझा होता. ‘घेते’, ‘घेतो’ नाही. लग्नानंतर पडेगावहून, म्हणजे माझ्या माहेरहून, पाचोडला जाताना मी तो जीपमध्ये मनातल्या मनात जुळवला होता. पण उंबऱ्यावर सासूबाईंचा करारी चेहरा बघितला आणि गिळून टाकला. सासरच्या दारात ‘बियाच फार, गर थोडा’ म्हणायची कुणाची छाती आहे? मी आपलं सगळ्याजणी म्हणतात ते चांदीच्या ताटाचं म्हणून मोकळी झाले. तेवढ्यात हे मात्र फिस्सकन हसले होते! त्या साध्या उखाण्यात हसण्यासारखं काय होतं, हे मी संसारभर विचारलं. उत्तर ठरलेलं — “काही नाही गं.”

मी तो उखाणा पुढे कुणाला सांगितला नव्हता. झोपेत बडबडले असेन? माझी ती सवय नाही, आणि असती तर ह्यांनी गावभर केली असती. त्या दिवशी उंबऱ्यावर चुकून तोच तोंडून गेला का, म्हणून दार अडवणाऱ्या नणंदेला फोन केला.

“नाय वो वैनी, तुमी चांदीच्या ताटाचंच म्हणल्या. मीच उभी होते की दारात. दादा लई हसला, आईनं डोळे वटारले, ते बी ध्यानात हाय माझ्या.”

नसरीनला विचारलं. ती म्हणाली, “कुठंतरी ऐकल्याशिवाय येत नाही, काकू.” मीही वर्गात हेच सांगितलं असतं.

आता हे तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतात. परवा चहा पिताना मी सरळ विचारलं, “अहो, सीताफळाचा उखाणा तुम्ही कुठं ऐकलात?”

त्यांनी बराच वेळ शब्द शोधले. “तू... म्हणलीस.”

“कधी?”

“दारात.”

“दारात मी दुसराच म्हणाले होते.”

“व्हय,” ते म्हणाले. हे ‘व्हय’ जुन्यातलं नव्हतं, कळून म्हटलेलं होतं. मग अर्ध्या तोंडानं ते तसंच फिस्सकन हसले. “तो बी... ऐकला.”

यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी पुरावा मागेन. तोवर एक केलं आहे... त्यांच्या शेजारी बसून मनात काही म्हणायचं झालं, तर हल्ली मी जरा जपूनच म्हणते.