कल्चरलचा माइक

'एनर्जी' हा शब्द कुणी उच्चारला तरी हल्ली माझं डोकं फिरतं. "मॅडम, आज एनर्जी कमी वाटली." "मॅडम, जरा एनर्जी पाहिजे हां!" सकाळी सहाला, जांभया देत, चपला ओढत आलेल्या बायका हे मला ऐकवतात. जणू एनर्जी म्हणजे दूध आहे. मी ते पिशवीतून आणायचं आणि प्रत्येकीच्या पातेल्यात ओतायचं.

मी नवी मुंबईत एरोबिक्स शिकवते. सकाळी सीवूड्समधल्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, मग नेरूळला दोन बॅचेस, संध्याकाळी परत सीवूड्स. लोकांना वाटतं, गाणं लावायचं आणि पुढे उभं राहून नाचायचं, त्यात काय एवढं. त्यांना एकदा माझ्या जागी उभं करायला हवं. मी वर्गाकडे तोंड करून उभी असते. त्यांना "उजवा" म्हणून सांगताना मी स्वतः डावा पाय उचलते, कारण मी त्यांचा आरसा असते. पुढची स्टेप पाय पडायच्या आधी सांगावी लागते. शब्द उशिरा पोचला तर अर्ध्या बायका इकडे, अर्ध्या तिकडे आणि मधे दोघींची टक्कर. शेवटच्या रांगेत गुडघेदुखीच्या एक काकू असतात. "काकू, उडी नको, जागेवर चाला" हे त्यांना ढणढणत्या गाण्यातून ऐकू जायला हवं, नाहीतर त्या शेजारणीचं बघून उडी मारतात आणि दुसऱ्या दिवशी लंगडत येतात.

म्हणजे सगळा खेळ आवाजाचा. गुडघ्यांची काळजी आम्ही शिकवणारे सगळेच घेतो, चांगले बूट घेतो, दर बॅचला पूर्ण ताकदीने उड्या मारत नाही, मधून मधून रांगांत फिरून चुका सुधारतो. (त्यावरही तक्रार असते. "तुमी थांबलात की आमी पण थांबतो ना मॅडम!") पण घशाकडे कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

क्लबहाऊसमध्ये मी एकदा कमरेला लावायचा छोटा माइक घेऊन गेले होते. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी खाली हजर. वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांची तक्रार होती.

"गाण्याचा त्रास नाय त्यांना," सेक्रेटरी म्हणाले. "माइकवर तुमचं बोलणं डोक्यात जातं म्हणाले."

"मग मी गाण्यावरून ओरडू?"

"तुमचा आवाज खणखणीत आहे की मॅडम! तुमाला कशाला माइक?"

आठवड्याभरात नोटीस बोर्डावर कागद लागला: क्लबहाऊसमध्ये ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. सोसायटीचा स्वतःचा माइक होता, स्पीकरसकट, ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद. त्याची चावी सेक्रेटरींच्या जुडग्यात. मी तो मागितला, स्पीकर अगदी हळू ठेवीन म्हटलं, पाहिजे तर आजोबांच्या घरी बसून तुम्ही स्वतः ऐका म्हटलं. उत्तर आलं, "तो कल्चरलचा आहे." कल्चरल म्हणजे गणपती, नवरात्र, पंधरा ऑगस्ट आणि पूजेच्या दिवशी सेक्रेटरींनी स्वतः गायलेली जुनी गाणी. गणपतीत त्याच आजोबांच्या खिडकीखाली दिवसभर तोच स्पीकर केकाटायचा, तेव्हा आजोबा खुर्ची टाकून समोर बसायचे.

मी ओरडत राहिले. दुसरं काय करणार? आधी घसा दुखायचा, गरम पाणी प्यायचे. मग आवाज घोगरा झाला. बायका म्हणाल्या, "मॅडम, सेक्सी वाटतंय हां," आणि खिदळल्या. मग एक दिवस वॉर्मअपच्या मधेच आवाज फाटला आणि "उजवा" मधलं नुसतं "उ" बाहेर आलं.

त्या दुपारी मी रोजच्यासारखा बाबांना फोन केला. ते खांदेश्वरला एकटे राहतात. फोन आला की स्क्रीनवर माझा फोटो येतो, म्हणून ते उचलतानाच "बोल गं" म्हणतात.

"बाबा, जेवलात का?"

ते एकदम कडक आवाजात म्हणाले, "कोण बोलताय आपण? माझ्या मुलीचा फोन तुमच्याकडे कसा आला?"

"बाबा, मीच आहे."

"हे बघा बाई, ती कुठे आहे ते आधी सांगा!"

ते घाबरले होते. मी जितकं बोलत होते तितके जास्त घाबरत होते. शेवटी मी फोन ठेवला, रिक्षा केली आणि खांदेश्वरला जाऊन त्यांच्या दारात उभी राहिले. मला बघून ते मटकन खाली बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरा राग आला. थकवा नाही, वाईट वाटणं नाही, राग.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी धरल्या होत्या, ओरडून ओरडून. "आता बोलणं पूर्ण बंद," ते म्हणाले. "कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने ताण आणखी वाढतो. परत ओरडलात तर हा आवाज कायमचा असाच राहील, हे लक्षात ठेवा."

बाबांशी आम्ही एक पद्धत ठरवली. ते फोनवर बोलणार, मी ऐकणार. 'हो' असेल तर नखाने फोनवर दोनदा टकटक, 'नाही' असेल तर एकदा. जन्मभर ज्या माणसाला माझी बडबड पुरेना, त्याच्याशी मी नखाने बोलू लागले.

क्लास सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो मी हातांनी घेऊ लागले. तळहात उघडा म्हणजे तयार राहा, बोट फिरवलं की वळा, डोक्यावर थोपटलं की पहिल्यापासून. गुडघेवाल्या काकूंसाठी वेगळी खूण, दोन बोटं चालवून दाखवायची. आणि खरं सांगू? क्लास सुधारला. ऐकू येत नसल्यामुळे बायकांना माझ्याकडे बघावंच लागायचं, त्यामुळे गप्पा बंद झाल्या आणि पाय बरोबर पडायला लागले. काकू महिनाभर लंगडल्या नाहीत. तरीसुद्धा कमिटीकडे तक्रार गेलीच. मॅडम हल्ली बोलत नाहीत, एनर्जी नाही.

मग महिला दिन आला. सोसायटीच्या लॉनवर मांडव, जांभळे फुगे, जांभळ्या साड्या. आणि टेबलावर, कपाटातून बाहेर निघालेला, पुसून लखलखीत केलेला तो कॉर्डलेस माइक. सेक्रेटरींनी त्याच्यावर स्त्रीशक्तीबद्दल इतकं भाषण केलं की समोशांचं तेल थिजलं. वरचे आजोबा पहिल्या रांगेत मान डोलवत होते. त्यानंतर माझं नाव पुकारलं. सोसायटीच्या बायकांना फिट ठेवल्याबद्दल शाल आणि श्रीफळ.

"मॅडम, दोन शब्द बोला!"

मी घशाकडे बोट दाखवून मान हलवली. माझ्या घशाचं सेक्रेटरींना माहीत होतं, डॉक्टरांचा कागद मी त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. तरी त्यांनी माइक हातात कोंबला. मी तोंड उघडलं, तर नुसती हवा निघाली. त्यांनी लगेच माइक काढून घेतला आणि लोकांकडे वळून हसत म्हणाले, "बघा, मॅडम भावुक झाल्या! कंठ दाटून आला!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळेसुद्धा पुसले.

मला वाटलं, माझं रक्त आता कानांतून बाहेर येईल. माझा घसा यांच्या कपाटाने खाल्ला आणि वर त्याच्यावर टाळ्या? मी त्यांच्या हातातून माइक ओढून घेतला. डॉक्टरांना मनात सॉरी म्हटलं आणि कुजबुजले:

"मी भावुक झालेली नाही. माझा आवाज गेलाय. हा माइक कपाटात होता म्हणून गेलाय."

नुसती कुजबूज होती ती. पण मांडवाच्या टोकापर्यंत पोचली. गेटवरच्या वॉचमननेसुद्धा वळून पाहिलं. मला एवढंच तर हवं होतं इतके दिवस, घसा न फाडता शेवटच्या रांगेत पोचायला.

गुडघेवाल्या काकू तेवढ्या उभ्या राहिल्या, पण काय करावं न सुचून परत बसल्या. सेक्रेटरी हसतच म्हणाले, "चला, आता खेळ घेऊया," आणि माइकसाठी हात पुढे केला. मी शाल खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आणि माइक घेऊन चालू लागले. गेटपाशी पोचेपर्यंत मागे स्पीकर खरखरत होता, मग गप्प झाला.

माइक माझ्या घरी फ्रिजवर आहे. सेक्रेटरींचा दिवसाआड फोन येतो. मी उचलत नाही, म्हणून मेसेज येतो: मॅडम, ती सोसायटीची प्रॉपर्टी आहे. मी दर वेळी तेच उत्तर पाठवते: क्लबहाऊसमध्ये स्पीकर लावा, माइक घेऊन क्लासला येते. तोवर तिथला क्लास बंद आहे. गणपतीत काय करणार आहेत ते त्यांचं त्यांनी बघावं.

बाबांचा फोन मात्र मी उचलते. काल त्यांनी आधी डाळीचं सांगितलं, मग शेजाऱ्यांच्या गाडीचं. शेवटी त्यांनी विचारलं, "औषध घेतेस ना?"

मी दोनदा टकटक केली.

"आणि तो माइक? देणारेस का परत?"

मी एकदाच केली, पण इतक्या जोरात की बाबा पलीकडून म्हणाले, "अगं, कळलं, कळलं. ओरडू नकोस."