गावाचे गंज

धाडजवळच्या त्या गावात लग्न कुणाचंही निघो, भांड्यांच्या खोलीची किल्ली सत्यभामाबाईंच्याच कमरेला. स्वयंपाकाचे पाच मोठे गंज, कढया, पराती, झारे, सगळं गावानं मिळून घेतलेलं. नवरा नारायणराव गेल्यापासून अठरा वर्षं बाई ते सांभाळत होत्या. गाव त्यांना 'गंजवाल्या बाई' म्हणे आणि बाईंना ते आवडेही.

उद्या खालच्या वस्तीत भिमाबाईच्या नातीचं लग्न होतं. पाचशे पान. आणि आज सकाळीच गावच्या समितीचे शेषराव दारात उभे.

"सत्यभामाबाई, यावेळी गंज वस्तीत देऊ नका." माईकपुढं उभं राहिल्यासारखा त्यांनी घसा साफ केला. "मले काई नाही बाप्पा! मी तं त्यायच्या घरी चहा पेतो. पण लोकं म्हणून राह्यले, आता भांडी येगयेगळी असू द्या."

"कोनते लोकं?"

"लोकं म्हन्जे... लोकं! अन् तुमाले द्याचेच असतीन तं किल्ली समितीपाशी आनून ठेवा."

बाईंनी कमरेची किल्ली मुठीत धरली. गंज एकदा वाटले गेले की गावाचं म्हणावं असं उरतं काय? असं म्हणणाऱ्या लोकांना गाठायचं, हातापाया पडायचं, असं ठरवून त्या निघाल्या.

ओट्यावर सुपारी कातरत बसलेले अर्जुनराव म्हणाले, "माह्या मनात तं काईच नाही व माय. पण लोकायचं तोंड कोन धरते?"

शाळेतल्या योगिनी मॅडम अगदी पुण्याच्या मराठीत म्हणाल्या, "काकू, मी असलं काही मानतच नाही. आम्ही समतेवर निबंधस्पर्धा घेतली ना! पण लोकांची मानसिकता..." मानसिकता म्हणताना त्यांचे डोळे आपोआप मिटले.

किराणावाला दीपक गूळ तोलता तोलता म्हणाला, "काकू, मले सारेच गिऱ्हाईक सारखे. पण लोकं..."

ऊन डोक्यावर आलं तोवर चौदा घरं झाली. पाय भरून आले, घशाला कोरड पडली. जिथं जावं तिथं माणूस भला, आणि लोकं नेमकी पुढच्या घरी. शेवटी बाई भिमाबाईच्या अंगणात येऊन मट्कन बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"मी काय करू व भिमे? एक घर सोडलं नाही!"

भिमाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. "रडू नका. बुलढान्याहून भाड्याचे गंज येऊन राह्यले. परवाच सांगतले आमी."

"काऊन? मले न इचारता?"

"इचारलं असतं तं कोनते देले असते? तेच दोन, पोचे पडलेले. अठरा वर्सं आमच्या वाट्याले तेच. चांगले तीन वस्तीनं कवा पाह्यलेच नाहीत. अन् वापस गेले का तुमी ते चिच लावून दोनदा घासता. माही सून पाहून आली."

"नाही व, माह्या मनात काई..."

वाक्य तिथंच अडकलं. सकाळपासून चौदा वेळा ऐकलेलं. पंधराव्यांदा ते बाईंच्याच गळ्यातून निघत होतं.

त्या उठल्या. घरी जाऊन खोली उघडली आणि सगळ्यात चांगला गंज आडवा करून भर रस्त्यानं लोटत निघाल्या. ठण्ण ठण्ण आवाजानं दारं उघडली. कुणी हात लावायला आलं नाही.

"किल्ली ठेवा मंग!" शेषराव ओरडले. बाईंनी कमरेची किल्ली त्यांच्या पायाशी टाकली.

वस्तीत हळदीच्या जेवणासाठी भाड्याचे गंज उतरून चुलींवर चढलेही होते. भिमाबाईनं या गंजावरून तळवा फिरवला.

"पोचा नाही एकबी," ती म्हणाली. "पण उशीर झाला. चूल रिकामी नाही आता."

"मंग काय करू? सांगा, भिमाबाई."

भिमाबाईनं पायानं एक बादली पुढं सरकवली. "गंज प्याच्या पान्याले होईल."

बाईंनी बादली उचलली आणि वस्तीच्या नळावर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यात मागं.