प्लेट नंबर एक्केचाळीस आणि माझं कार्ड

आमच्या साताऱ्याच्या घरात कुणी भुताखेताचं बोलू लागलं की वडील शांतपणे विचारायचे, "पुरावा काय?" मी त्याच घरात वाढले, पुढे लायब्ररी सायन्स केलं. अमावस्या कधी आहे हे आजही मला कॅलेंडर बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तेव्हा हे वाचून "बाई भाबडी दिसते" असं कुणी म्हणणार असेल, तर त्याने इथेच थांबावं. मला तसलं एकदा ऐकवून झालंय, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

१९७९ चा हिवाळा. मिस्टर रेल्वेत इंजिनीअर, आम्ही लखनौला आलमबागच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. मी तिथल्या एका संशोधन संस्थेच्या लायब्ररीत होते. छावणीतल्या एका दिवंगत डॉक्टरांची पुस्तकं त्यांच्या पत्नीने आम्हाला दिली. त्यात तीन जाडजूड खंड होते — इजिप्तमधल्या एका प्राचीन दफनभूमीच्या उत्खननाचे. जुनी छपाई, प्रत्येक फोटोवर पातळ कागद. खड्डे, मडकी, सांगाडे... आणि प्रत्येक माणसाला नुसता एक नंबर.

फोटोंचं दोन-दोन ओळींत वर्णन कार्डावर लिहायचं, हे माझं काम. सकाळचे अकरा वाजले असतील, टेबलावर खिडकीतलं ऊन होतं. दुसऱ्या खंडातली प्लेट, म्हणजे पानभर फोटो, नंबर एक्केचाळीस मी उघडली. वाळूत उथळ खड्डा, त्यात गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजवलेली एक बाई. तिच्या हाताच्या घडीत तान्हं मूल. वीतभर सांगाडा, आणि त्याच्या मनगटापाशी तीन मणी. मी बराच वेळ बघत राहिले. मग शेजारच्या टेबलावरच्या रझियाबाजींना, आमच्या सीनियर असिस्टंटना, हाक मारली.

"बाजी, ज़रा देखिए."

त्या वाकल्या. "हाय, बेचारा बच्चा," म्हणाल्या आणि जागेवर गेल्या.

मी कार्ड लिहिलं — स्त्री, कुशीवर. हाताच्या घडीत तान्हे मूल. मुलाच्या मनगटाशी तीन मणी. खाली तारीख आणि सही.

तीन आठवड्यांनी डायरेक्टरसाहेबांनी बोलावलं. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी माझं कार्ड वाचून तो खंड काढला होता, आणि तक्रार केली होती. टेबलावर तीच प्लेट उघडी होती. तोच खड्डा, तीच बाई. हाताच्या घडीत मात्र वाळू. नुसती वाळू.

मी नंबर पाहिला. मागचा शिक्का पाहिला — मीच मारलेला, जरा तिरका. शिवण तपासली, पान बदललेलं नव्हतं. पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या यादीतही "स्त्री, एकटी" एवढंच होतं.

साहेबांनी रझियाबाजींना बोलावून विचारलं, तर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, मेरा चश्मा नहीं था. इन्होंने बच्चा कहा, तो मैंने भी कह दिया."

मी 'बच्चा' हा शब्द उच्चारलाच नव्हता. तसं सांगितलंही. कुणी ऐकून घेतलं नाही.

त्याच दुपारी साहेबांनी माझ्या मिस्टरांना त्यांच्या ऑफिसातून बोलावून घेतलं. का, तर दोन वर्षांपूर्वी आमचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, आणि हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. मी खोलीत बसलेली असताना साहेब त्यांना म्हणाले, "मिसेज़ को कुछ दिन आराम दीजिए. ऐसे सदमे के बाद औरतों को हर जगह बच्चा दिखता है."

"सर, मैं यहीं बैठी हूँ," मी म्हटलं. "जो कहना है, मुझसे कहिए."

ते हसले. माझ्या कार्डावर लाल रेघ मारली, नवं लिहा आणि हे फाडून टाका म्हणाले. नवं लिहिलं. जुनं फाडलं नाही, पर्समध्ये टाकलं. स्कूटरवरून घरी येताना मिस्टर म्हणाले, "जाऊ दे ना गं. चूक झाली म्हणून टाक." मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

पाच वर्षं गेली. १९८४ मध्ये लायब्ररीत एक परदेशी जर्नल आलं. त्या जुन्या उत्खननातली हाडं एका संग्रहालयात पेट्यांत पडून होती, ती कुणीतरी नव्याने तपासली होती. लेखात आमच्या प्लेटवरच्या थडग्याचा नंबर होता. त्या बाईच्या पेटीत नवजात मुलाची हाडं निघाली होती. फोटो काढून झाल्यावर, तिला उचलताना खालच्या वाळूत ती सापडली असावीत आणि नोंद राहून गेली असावी, असा त्यांचा अंदाज. हाडांसोबत तीन मणी.

मी जर्नल आणि लाल रेघेचं कार्ड घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी लेख दोनदा वाचला. मग म्हणाले, "इत्तेफ़ाक है, मिसेज़ जोशी."

"तीन मोती भी?"

त्यांनी जर्नल मिटून माझ्याकडे सरकवलं.

"सर, मेरे पति को बुलाकर जो कहा था, उन्हीं को बुलाकर वापस लीजिए."

त्यांनी नाही बोलावलं. पुढच्या वर्षी रिटायर झाले. मिस्टरांनी मात्र लेख वाचला, कार्डावरची तारीख पाहिली आणि म्हणाले, "मी तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं." ते पुरेसं नव्हतं, पण निदान ते बोलले.

फोटोत नसलेलं मला कसं दिसलं, आणि एकदाच का, हे मला आजही सांगता येत नाही. पण सदम्याचं उत्तर मला कुणी देऊ नये. माझं मूल हॉस्पिटलात मला दाखवलंच नव्हतं. त्यानंतर ते मला कधी स्वप्नातही दिसलं नाही. मला दिसलं ते त्या बाईचं.