आधी भिशीच्या बायका

लंडनच्या हॅरोमधल्या ज्या मराठी माणसाने सुप्रभाच्या पुरणपोळ्या खाल्ल्या नाहीत, तो कालच्या विमानाने उतरलेला असणार. अठरा वर्षं तिने डबे पोचवले, लोकांची बारशी आणि मुंजी जेवू घातल्या. नवरा गेला तेव्हा चौदाव्या दिवशी बाई पुन्हा ओट्यापाशी उभी. मग गॅसचं बिल दुप्पट झालं, घराचं आणि दुकानाचं भाडं वाढलं, ऑफिसातली माणसं घरी बसून काम करायला लागली आणि डबे निम्म्यावर आले. उधळपट्टी नाही, जुगार नाही, तरी घरमालक, टॅक्सवाले आणि तेला-पिठाचा घाऊक दुकानदार मिळून एकतीस हजार पौंडांचं देणं झालं. दिवाळं काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

आणि वर भिशी होती. दहा मराठी बायका, दर महिन्याला प्रत्येकीचे पाचशे, एकेकीला पाळीपाळीने पाच हजार. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. दुसऱ्याच महिन्यात सुप्रभाचा नंबर लागला आणि ते पैसे थेट घरमालकाच्या घशात गेले. आता पुढच्या आठ जणींचे आठ हप्ते तिच्या डोक्यावर होते.

तनया, तिची मुलगी, कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरीला. तिने फोनवर आपल्या मोडक्या मराठीत बजावलं, "आई, सरकारी वेबसाइटवर क्लिअर लिहिलाय. अप्लाय करायच्या आधी कोणाला एकट्याला पैसे द्यायचा नाही. सगळे क्रेडिटर्स सेम."

"अगं, भिशी म्हणजे काय कर्ज आहे का? कागद तरी कुठेय त्याचा?"

"आई, प्लीज."

पण सुप्रभाचा हिशेब सरळ होता. घरमालकाच्या बायकोचा आणि तिचा हळदीकुंकवाला संबंध येणार नव्हता, या आठ जणींचा येणार होता. तिने डब्यांची व्हॅन चार हजारांना विकली, सगळे पैसे रोख काढले आणि आठ पाकिटं घेऊन दारोदार फिरली. त्या दिवशी तिला बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवण गेलं. पुढच्या आठवड्यात तिने ऑनलाइन अर्ज केला. दिवाळं काढायलाही या देशात सहाशे ऐंशी पौंड फी पडते. ती तनयाने भरली.

महिन्याभराने सरकारी अधिकाऱ्याचा फोन आला. माणूस गोड बोलत होता. व्हॅनचे चार हजार कुठे गेले, असं त्याने विचारलं. सुप्रभाने खरं काय ते सांगितलं. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती.

"या बायकांनी तुमच्यामागे तगादा लावला होता का?"

"छे. एकीनेही तोंडातून शब्द काढला नाही."

"मग बाकी सगळ्यांआधी यांचे पैसे मिळावेत, अशी तुमचीच इच्छा होती?"

"होती म्हणजे? ती एकच इच्छा होती," सुप्रभा म्हणाली. तिला वाटलं, साहेबाला आपली नीतिमत्ता पटली.

साहेबाला पटलीच होती. सहा आठवड्यांनी आठही घरी पत्रं गेली. अर्जाआधीच्या सहा महिन्यांत दिवाळखोराने एखाद्याला स्वतःच्या इच्छेने इतरांच्या पुढे नेऊन पैसे दिले, तर ते परत मागता येतात. तनयाने सगळं वाचून सांगितलं, की तगाद्याला कंटाळून दिले असते तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. म्हणजे दारात येऊन भांडणारीचे पैसे सुटतात, आणि शेजारणीची अब्रू राखून गप्प बसणारीला नोटीस येते. कायदा करणाऱ्यांनी भिशी कधी लावली नसणार. सुप्रभाला राग कायद्याचा आला, घरमालकाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा आला.

भिशीच्या ग्रुपवरून तिचं नाव गेलं. कोणी भांडलं नाही, कोणी फोनही केला नाही. एकट्या यमुनाताई तेवढ्या घरी आल्या. चाळीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या बाई, भिशीत शेवटचा नंबर त्यांचा.

"ताई, मी पगारातून फेडीन," सुप्रभा म्हणाली. ती आता एका शाळेच्या किचनमध्ये भांडी घासत होती. "तुमचे पैसे बुडवायचे नव्हते म्हणून तर..."

"बुडवले असतेस तर बरं झालं असतं गं. गेले म्हणून गप्प बसले असते. या वयात सरकारने मला पत्र पाठवावं, असं मी काय केलं होतं?"

यमुनाताईंनी पर्समधून घडी केलेला फॉर्म काढला. पाचशे पौंड त्यांनी सरकारकडे भरून टाकले होते. आता बाकीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहून मिळाल्या तर काही पेनी परत मिळणार होत्या, त्यासाठी हा दावा करायचा होता.

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बारीक दिसत नाही. मुलाला सांगायची लाज वाटते. तूच भर."

सुप्रभाने चष्मा लावला. ताईंचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, रक्कम लिहिली. दिवाळखोराचं नाव, अशा ओळीपाशी तिचा हात थांबला.

"नीट लिही," यमुनाताई म्हणाल्या. "स्पेलिंग चुकलं तर फॉर्म परत येतो म्हणे."

तिने ठसठशीत अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.