मनोरा आणि धबधबा

गुनवोरने दुर्बीण खिडकीच्या चौकटीला टेकवली आणि तिच्या तोंडून निघालं, "मेल्यानं आमचीच जागा धरली!"

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली आडवा खडकाळ उंचवटा आहे. समुद्राचं पाणी त्यावरून घुसळत आत येतं आणि कॉड मासा तिथं थांबतो. पाण्यावर खूण कसली राहणार? म्हणून खुणा जमिनीवरच्या. चर्चचा मनोरा डोंगराच्या खिंडीखाली यायला हवा, आणि त्याच वेळी उत्तरेच्या सुळक्यामागून धबधबा दिसायला हवा. दोन्ही जुळलं की गळ सोडायचा. ही गोष्ट घराबाहेर जात नसे. नवऱ्याने गुनवोरला सांगितली, तो गेल्यावर तिने सोलफ्रिदला, म्हणजे सुनेला. सून पलीकडच्या काठची, आणि दुर्बिणीत दिसणाऱ्या त्या होडीतला आस्ले तिचा सख्खा भाऊ!

मग घरातलं सगळंच वेगळं दिसू लागलं. रविवारी ही माहेरी गेली, ती उगाच? येताना चीजचा एवढा मोठा तुकडा आणला, तो कशाबद्दल?

"भावानं नवी जागा धरलीय म्हणे," बटाटे सोलता सोलता गुनवोर म्हणाली.

"धरू दे की, आई."

"दाखवली कुणी असेल?"

सोलफ्रिदचा चाकू थांबला. "सरळ विचारा ना, मी सांगितली का ते."

"सांगितलीस?"

"नाही."

"बरं," म्हणाली गुनवोर. मनात मात्र ठरलं: हिला यापुढे होडीत घ्यायचं नाही, आणि मुलगा दूर लोफोतेन बेटांकडची मासेमारी आटपून आला की त्याच्याही कानावर घालायचं.

ती वल्ही मारत थेट आस्लेपाशी गेली.

"कुणी दाखवली रे जागा?"

"तुम्हीच, मावशी! येशूचं नाव घेऊन चर्चकडे तोंड करता, टोपी काढता, मग गळ टाकता. आमच्या स्वयंपाकघरातून सगळं दिसतं."

"बहिणीला वाचवतोस होय!"

"ती? तिला विचारलं तर म्हणाली, सासूलाच विचार, वल्हं डोक्यात घालेल. सकाळपासून एक शेपूटही लागलेलं नाही."

चोर असंच बोलणार. गुनवोरने वल्ह्याने त्याच्या होडीतलं गोणपाट उचकटलं. खाली कोरड्या फळ्या. तिने मान वर केली. मनोरा खिंडीखाली, अगदी नीट. उत्तरेला पाहिलं तर सुळक्याशेजारी नुसतं आभाळ. धबधब्याचा पत्ता नाही. हा तर पार बाहेर, खोल पाण्यावर बसला होता! सोलफ्रिदने सांगितलं असतं तर धबधबा कशाला गाळला असता?

"काय बघताय?"

"काही नाही. बस तू इथंच. छान जागा आहे."

घरी येऊन तिने बूटही काढले नाहीत.

"तुझा भाऊ मूर्ख आहे. आणि मी त्याहून. तुझ्यावर संशय घेतला, देव मला क्षमा करो."

"देव करेल. माझं मी बघते." सोलफ्रिदने कॉफी ओतली, फक्त आपल्या कपात.

"उद्या येशील होडीत?"

सोलफ्रिदने आपली कॉफी संपवली, मग किटली तिच्याकडे सरकवली.

"येईन. पण वल्ही तुम्ही मारायची, जाताना आणि येतानाही."