दुधिवरे खिंडीतला सुस्कारा

चुकीचा शब्द कानावर पडला की ज्याचं डोकं खरोखर दुखतं असा माणूस अख्ख्या मावळात एकच आहे, आणि तो माझ्याच वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, हे यजमान. वलवणला राहतात. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, पण निवृत्त झाली ती शाळा, हे नाहीत. मी पडलो विटा, वाळू आणि फरशीचा व्यापारी. कान्ह्याला माझं गोदाम आहे. लोणावळ्यापासून पवनेपर्यंत जे बंगले उभे राहिलेत, त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांच्या पोटात माझी वीट आहे. शाळा मी लवकर सोडली आणि कामशेतच्या बाजारात उभा राहिलो. बोलून बोलून वर आलो. अशा माणसाला बोलण्यातच चुका काढणारा साडू मिळावा, याला काय म्हणायचं?

माझी त्यांच्यावरची अढी जुनी आहे, थेट लग्नाच्या मांडवातली. मी मोठ्या हौसेने उखाणा पाठ केला होता. ‘मावळच्या भाताला आंबेमोहर वास, अमकीचं नाव घेतो तुमच्यासाठी खास.’ टाळ्या पडायच्या आत मागून आवाज आला, “आंबेमोहराचा वास! आंबेमोहर वास असं होत नाही.” मांडव हसला. मला ‘आंबेमोहराचा’ घालून उखाणा पुन्हा म्हणावा लागला, तेव्हा तो लंगडत लंगडत कसाबसा ‘खास’पर्यंत पोचला. लोक ते विसरले. मी विसरलेलो नाही.

लोणावळ्याच्या बाजारातून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा. प्रत्येक पाटीपाशी ते थांबतात. एका बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ असं लिहिलेलं होतं. यांनी घंटा वाजवून मालकाला बाहेर बोलावलं आणि ‘रहा’ नव्हे, ‘राहा’, हे समजावून सांगितलं. तेवढा वेळ तो कुत्रा यांच्या धोतराचा सोगा दातात धरून उभा होता. तिकडे यांचं लक्ष नव्हतं. कुत्र्याचं व्याकरण बरोबर होतं. दवाखान्यात गेले की ‘गुडघा दुखतो’ असं कधी सांगणार नाहीत. “सकाळी सलतो, दुपारी ठणकतो आणि जिना उतरताना त्यात कळ येते. यातलं तुम्हांला कशाचं औषध द्यायचं आहे?” डॉक्टर सुरुवातीला वैतागले, मग म्हणे इतर पेशंटांनाही तसंच विचारू लागले.

माझ्या धंद्याचं तर त्यांनी फार नुकसान केलंय. एकदा फरशीच्या घाऊक व्यापाऱ्याला मी तासभर घोळवत आणला होता. तो अगदी टेकीला आला होता. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, “शेवटचा भाव सांग!” तेवढ्यात शेजारी बसलेले साडूभाऊ म्हणाले, “शेवटचा म्हणजे? यानंतर जगात भाव राहणारच नाहीत का?” व्यापारी हसायला लागला. हसणारा माणूस भाव उतरवत नाही. मी त्या दिवशी संतापून त्यांना तिथेच सोडून निघालो होतो. ते निवांतपणे दुसऱ्या गाडीने आले आणि संध्याकाळी फोन करून म्हणाले, “तू ‘मी चाललो’ म्हणालास, पण गाडीत बसलास. ‘निघालो’ म्हणायला हवं होतंस.”

आता ती गाडी. माझी पहिली स्वतःची गाडी, डिझेलची, टर्बोवाली. शोरूममधून नवी कोरी आणली तेव्हा कान्ह्याच्या स्टेशनपासून घरापर्यंत मी मुद्दाम सावकाश चालवत नेली होती, सगळ्यांना दिसावी म्हणून. तीच गाडी गेल्या पावसाळ्यानंतर चढावर मरायला लागली. सपाटीला झकास. जुन्या हायवेवर कुणाला कळणार नाही. पण चढ लागला की ॲक्सिलरेटर फळीला टेकला तरी गाडी पुढे जायला राजी नाही. मागून काळा धूर, आणि एखादा दुधाचा टेम्पो हॉर्न मारत पुढे.

मुलाच्या आग्रहावरून मी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काचेची केबिन, थंडगार हवा, गुळगुळीत बोलणं. त्यांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला, टर्बो गेला म्हणाले, टर्बो बदलला. गाडी जशीच्या तशी. मी भांडलो. मग म्हणाले, आता इंजेक्टर बदलून बघू. ‘बघू’! माझ्या जिवावर बघणार! मी असा आवाज चढवला की केबिनमधली माणसं खुर्च्या सोडून उभी राहिली. शेवटी त्यांच्यातला एक थंडपणे म्हणाला, “साहेब, गाडी आता म्हातारी झाली.” त्या वाक्याबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. कामशेतच्या माझ्या जुन्या मिस्त्रीनेही बॉनेट उघडून पाहिलं. त्याच्या घरचा शीरखुर्मा मी दर ईदेला खातो, तो मला फसवणार नाही. तोही डोकं खाजवत म्हणाला, “शेठ, हितं उभी असताना तिला काय बी न्हाई.”

मुलाने मग तळेगावचा एक जुन्या गाड्यांचा दलाल शोधला. रविवारी तो येऊन गाडी घेऊन जाणार होता, भंगारापेक्षा थोड्या बऱ्या भावात. मुलगा म्हणाला, “बाबा, नवी घेऊ ना.” घेऊ शकतो. प्रश्न तो नव्हता. माझी गाडी बरी न होता, हरलेली म्हणून माझ्या दारातून जाणार, हे मला गिळवत नव्हतं.

शनिवारी सकाळी काहीतरी पोचवायला वलवणला गेलो. अंगणात चहा घेताना बोलून गेलो, “गाडीला पिकअपच राहिला नाही.”

साडूभाऊंनी कप खाली ठेवला. “पिकअप म्हणजे?”

“दम नाही हो गाडीत.”

“‘नाही’ हे लक्षण नव्हे. गुडघ्यात काय नाही ते मी डॉक्टरांना सांगत बसतो का? काय आहे ते सांग. धाप लागते, की दम तुटतो? अडखळते, की मागे ओढल्यासारखी होते?”

“तुम्हांला इंजिनातलं काय कळतं, भाऊ?”

“काहीच नाही. म्हणून तर विचारतोय. चल, दाखव.”

आणि पायांत वहाणा सरकवून ते गाडीत जाऊन बसलेसुद्धा. अक्का दारातून ओरडल्या, “अहो, मफलर!” पण गाडी तोवर औंढोलीच्या रस्त्याला लागली होती.

दुधिवरे खिंडीचा चढ सुरू झाला. गाडीने नेहमीचा हिसका दाखवला. साडूभाऊ डोळे मिटून, मान तिरकी करून, गाणं ऐकायला बसल्यासारखे बसले होते. “सांग,” ते म्हणाले.

“काय सांगू? ऐकताय ना तुम्ही!”

“मी ऐकतोय ते राहू दे. तुला काय ऐकू येतं?”

“गाडी ओढत नाही.”

“पुन्हा ‘नाही’!”

“आवाज येतो.”

“आवाज सगळ्यांनाच येतो. भांडी पडल्याचा येतो, तुझा येतो. कसला आवाज?”

“हवेचा... फुस्स असा...”

“टायरचाही फुस्स असतो, सोड्याच्या बाटलीचाही. एकदाच होतो, की होत राहतो? आत ओढल्याचा, की बाहेर टाकल्याचा?”

मागे टेम्पो हॉर्न मारत होता. समोर वळण. उद्या दलाल यायचा होता. माझं डोकं फिरलं. धंद्यात शिकलेली सगळी भाषा गळून पडली आणि मी माझ्या आजीच्या तोंडचं बोललो, “आवो, कसला आवाज काय इचारताय! चढ लागला का न्हाई, का ती लय मोठा सुस्कारा सोडती! जितका पाय दाबावा तितका सुस्कारा! पाय काढला का गप!”

साडूभाऊंनी डोळे उघडले. परीक्षेत पहिला आलेल्या मुलाकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत होते.

“सुस्कारा,” ते हळूच म्हणाले. “वा! हाच शब्द. उसासा नव्हे, धाप नव्हे. आतली हवा बाहेर सोडतेय ती. आणि कष्ट पडले की सोडतेय. याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.”

इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्या तोंडच्या एका शब्दाला बरोबर म्हटलं, आणि तोही माझा घरचा, गावातला शब्द. मला राग धरून ठेवणं अवघड गेलं. खिंडीतूनच गाडी वळवून आम्ही कामशेतला उतरलो.

“मिस्त्री,” गॅरेजच्या दारातूनच साडूभाऊ म्हणाले, “ही चढाला सुस्कारा सोडते.”

मिस्त्रीने हात पुसायचे थांबवले. “सुस्कारा? शेठ, तुमी तर मला पिकअप न्हाई म्हनलेलात! आता कळलं. टर्बो गडी चांगलाय, तो हवा दाबून पाठवतोय, पर ती इंजिनापातूर पोचंना. मदीच गळतीय कुटंतरी.”

त्याने खाली वाकून हवा नेणारा जाड रबरी पाइप चाचपला. वरून धडधाकट दिसत होता. मग त्याने दोन्ही हातांनी तो वाकवला, तशी खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे एक चीर ओठासारखी उघडली. कडेला तेलाचा ओशट डाग. “बघा. गाडी उभी असली का दाब न्हाई, चीर मिटलेली. चढावर दाब वाढला का उघडती. त्यांच्या काम्पुटरला कोन चढ दाखवनार?”

नवा पाइप दुपारपर्यंत बसला. म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्यांनी माझा धडधाकट टर्बो काढून ठेवला होता! त्यांच्या नावाने मी गॅरेजमध्ये उभा राहून जे बोललो, त्यात साडूभाऊंनी फक्त दोन ठिकाणी लिंग दुरुस्त केलं.

गाडी तपासायला आम्ही पुन्हा खिंडीत गेलो. आणि ती चढली हो! तिसऱ्या गिअरमध्ये, एका दमात, वळणं अशी कापत की सकाळचाच असावा असा एक टेम्पो मी मुद्दाम हॉर्न मारून मागे टाकला. टर्बोची ती बारीक शीळ परत आली होती. खिंडीच्या माथ्यावर मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि विजयी मुद्रेने बाजूला पाहिलं.

साडूभाऊ डोळे मिटून, मान तिरकी करून बसले होते. “छान चालते आहे,” ते म्हणाले. “फक्त इंजिनचा आवाज अजून जरा घोगरा वाटतो.”

इंजिन बंद होतं. खाली पवनेच्या पाण्यावर ऊन होतं आणि कुठेही कसलाही आवाज नव्हता.

मला समजायला थोडा वेळ लागला. सकाळी चढावर मान तिरकी करून बसलेल्या या माणसाला माझ्या ओरडण्याखेरीज काहीच ऐकू आलं नव्हतं. म्हणून तर तो शब्द माझ्याकडून खोदून खोदून काढत होता. मला आता आठवू लागलं की, हल्ली फोन अक्काच उचलतात आणि प्रश्न विचारला की ते आधी माझ्या ओठांकडे बघतात. मी कुठलीच गोष्ट मनात ठेवणारा माणूस नाही. त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, “भाऊ, गाडी बंद आहे.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “असं होय,” म्हणाले. मग म्हणाले, “अक्काला बोलू नकोस. ती कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली आहे. कानात यंत्र घालून मला मराठी ऐकायची नाही.”

मग मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चिवट सौदा केला. म्हटलं, तुम्ही तळेगावला कानाच्या डॉक्टरकडे या, मी ‘पिकअप’ हा शब्द सोडतो. ते म्हणाले, नुसता पिकअप नाही, ‘टेन्शन’ही सोड. मी म्हणालो, टेन्शन सोडणं धंद्यात जमणार नाही, ‘ॲक्च्युअली’ घ्या. “‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’,” ते म्हणाले. ज्या माणसाने माझे इतके सौदे मोडले, तो खिंडीत बसून माझ्याशी हिरिरीने घासाघीस करत होता, आणि चांगली करत होता. शेवटी सगळे शब्द देऊन बसलो. इतक्या आनंदाने मी कधी नुकसान सोसलेलं नाही.

रविवारी दलाल आला. खाज म्हणून मी त्याच्याकडून भाव भरपूर चढवून घेतला आणि मग गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तो चिडला. मुलगाही चिडला. त्याला म्हटलं, गाडी भाऊंना तळेगावला नेण्या-आणण्यासाठी लागणार आहे.

डॉक्टर म्हणाले, बरंच परत मिळेल, यंत्राची सवय व्हायला मात्र वेळ द्या. यंत्र अजून यायचं आहे. तोवर आमच्या तळेगावच्या फेऱ्या चालू आहेत. साडूभाऊ पुढे बसतात, आणि गाडी काय म्हणते, रस्ता काय म्हणतो, ते मी त्यांना मोठ्याने सांगतो. ते चुका काढतात. परवा वडगावच्या पुढे पाऊस टपावर वाजायला लागला आणि त्यांनी विचारलं, “कसा वाजतोय?” मला शब्द सापडेना. ते माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते, अजिबात घाई न करता. मी गाडीचा वेग कमी केला, आणि पुन्हा ऐकू लागलो.