चुलीवर वाळलेले सात चिरूट

सगळ्यांत आधी आली ती कौसा, माझी धाकटी भावजय, आणि तीही अनवाणी. तिच्या मागोमाग शेजारची रखमा आली, कारण कौसा अनवाणी चाललेली तिनं दारातून पाहिली होती. रखमाला कुणाच्या घरात काय शिजतंय ते फोडणी पडायच्या आधी कळायचं. तिसऱ्या आल्या सासूबाई, हातात विडीची कात्री तशीच. कौसा पाणी प्याली आणि म्हणाली, "आक्का, चिरूट वाळलं. तुमचं भाऊ दोन दिस जेवलं न्हाईत."

रखमा म्हणाली, चिरूट वाळला म्हणून कुणी जेवायचं सोडतं होय? मग पापड वाळल्यावर काय करत असतील?

माझी नात मनू फिरायच्या जागांबद्दल लिहिते आणि लोक ते वाचून लोणावळ्याला जातात. ती म्हणाली, आजी, तुझी एक सहल सांग. मी शाळा दुसरीपर्यंत केली, त्यामुळे वहीत लिहिलंय मी आणि टाइप केलंय तिनं. काना-मात्रा तिचा, बाकी सगळं माझं. गोष्ट साठ सालाच्या आसपासची. तेव्हा आम्ही तळेगावात, घोरावाडीच्या अंगाला राहायचो आणि घरातल्या सगळ्या बायका विड्या वळायच्या.

आधी चिरुटांचं सांगते, नाहीतर तुम्हीही रखमासारखं हसाल. माझा भाऊ मारुती वलवणला एका पारशी शेठच्या बंगल्याची राखण करायचा. शेठचा एक जिवाभावाचा दोस्त बोटीवर कप्तान होता. त्यानं क्युबा नावाच्या लांबच्या बेटावरून चिरुटांची पेटी आणली होती. दोघं मिळून बंगल्याच्या व्हरांड्यात ओढायचे. पुढं दोस्त वारला तेव्हा पेटीत सात उरले होते. शेठनं ठरवलं, वर्षातून एकच ओढायचा, दोस्ताच्या वाढदिवसाला, तिथंच बसून. मुंबईच्या घरी ठेवले तर डॉक्टरच्या सांगण्यावरून मुलगी फेकून देईल, म्हणून पेटी मारुतीच्या हाती दिली. म्हणाले, तुझ्या घरात जी सगळ्यांत मोलाची चीज असेल, तिच्याजवळ ठेव. आणि हसत पुढं म्हणाले, सात चिरूट, म्हणजे अजून सात वरसं मला जगायलाच पाहिजे.

आता मावळातल्या माणसाची सगळ्यांत मोलाची चीज कोणती? बियाणं. आणि पावसाळ्यात बियाणं कुठं ठेवतात? चुलीच्या वर, फळीवर, धुराला. तिथं बुरशी नाही, कीड नाही. मारुतीनं वालाच्या बियाण्याशेजारी पेटी ठेवली आणि पावसाचे चार महिने रोज खाली भाकरी भाजली. पेटी उघडली तेव्हा चिरूट कडकडीत, पानाला चिरा गेलेल्या. घाबरून त्यानं एकावर पाणी शिंपडलं, तर तो फुगून उभा फुटला. मग दोघंही रडायला बसले.

दोस्ताच्या वाढदिवसाला शेठ यायला अकरा दिवस होते. मारुतीचं म्हणणं, शेठला तोंड दाखवण्यापेक्षा मी बिऱ्हाड उचलून जातो. मी कौसाला म्हटलं, तू जेव, आपण उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. वाळलेलं पान मऊ कसं करायचं हे मला कळत नसेल तर माझी दहा वर्षं गेली कुठं? तेंदूचं पान वाळलं की कात्री लावताच तडकतं. म्हणून ते भिजवून गोणपाटात बांधून ठेवायचं, मग सकाळी लुगड्यासारखं वळतं. पान शेवटी पानच. सासूबाई कात्री घेऊन आत गेल्या. सकाळी पाहिलं तर पिशवीत तेंदूच्या पानांचा एक पुडा, माझी कात्री आणि दोऱ्याची रिळं भरून ठेवलेली. माझ्या लहान लेकीलाही त्यांनीच कडेवर घेतलं.

तळेगावहून लोणावळ्याचं तिकीट तेव्हा काही आण्यांत यायचं. वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, अशी एकेक स्टेशनं घेत गाडी जायची. जाताना डाव्या बाजूला बसा, हे माझं आजही सांगणं. भाद्रपद सरता सरता डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले असतात आणि मळवलीच्या पुढं किल्ले दिसतात. कामशेतला एक बाई उकडलेल्या शेंगा घेऊन चढली. मी दोन पुड्या घेतल्या आणि कौसाला बळंच खायला लावल्या. सोललेली टरफलं ती पदरात ठेवत होती, खिडकीतून टाकायचंही सुचत नव्हतं तिला.

लोणावळा स्टेशनच्या बाहेर टांगे असायचे. आम्ही चालत गेलो. चिक्कीच्या दुकानांवरून जाताना गुळाच्या पाकाचा वास येतो, तिथं थांबायचं नाही, परतताना थांबायचं, नाहीतर पिशवीला मुंग्या लागतात. वलवणला धरणाच्या बाजूनं वाट जाते. पाणी काठोकाठ होतं आणि धुकं इतकं की बंगला आधी कौलांनी दिसायचा, भिंतींनी मागून.

मारुती ओट्यावर बसला होता, दाढी वाढलेली. मला बघून उठलाही नाही. मी पेटी मागितली. देवदारासारख्या लाकडाची, पातळ, झाकणाला छोटा खिळा. उघडली आणि नाकाशी नेली. लाकडाचा वास, त्याखाली आमच्या चुलीचा धूर, आणि त्याच्याही खाली लांब कुठंतरी तंबाखू. जिवंत आहे, मी म्हटलं. मारुतीनं मान वर केली.

लोणावळ्याची हवा तर पिळून काढावी अशी ओली. पण चुलीवरून उतरवून चिरूट एकदम तिच्यात ठेवले असते तर सगळेच फुटले असते. मारुतीनं पाण्याची घाई केली होती, मला घाई करायचीच नव्हती. नवा माठ घेतला. तळाला कोरडी वाळू, वाळूवर विटेचा तुकडा, भिजवून पुसून घेतलेला. त्यावर पेटीचीच फळी, फळीवर सहा चिरूट एकमेकांना न लागता. माठाच्या तोंडाला धडपा बांधला. रोज सकाळी उघडायचे, अर्धा वळसा फिरवायचे, बोटांनी हलकंच दाबून बघायचे, वास घ्यायचा, झाकायचे. पहिले तीन दिवस काहीच फरक नव्हता. मारुती दिवसातून दहा वेळा यायचा, आक्का, थोडं पाणी वाढवू का? मी माठाला पाठ लावून बसायची आणि त्याला गवत कापायला पाठवायची. चौथ्या दिवशी दाबलं तर करकर आवाज आला नाही. त्या दिवशी तो पोटभर जेवला, नाचणीच्या तीन भाकऱ्या आणि सुकटाची चटणी.

मधल्या वेळात मी सातवा, फुटलेला चिरूट उलगडला. इतकी वर्षं विड्या वळल्या, पण असं काही पाहिलं नव्हतं. आमच्या विडीत तंबाखूचा चुरा असतो. ह्याच्यात अख्खी पानं होती, टोकापासून टोकापर्यंत, निऱ्यांसारखी घडी घालून ठेवलेली, मधे हवेला जायला वाट सोडून. त्यावर एक पान बांधणीचं आणि सगळ्यांत वर तेलकट, तलम, एकही शीर वर न आलेलं. डोक्यावर पानाचीच एवढीशी टोपी. दोरा नाही, काही नाही. पान तिरकं फिरवताना वळणाऱ्यानं अंगठा कुठं टेकवला ते मला दिसत होतं. मीही तिथंच टेकवते. समुद्रापलीकडं कुणीतरी पाटावर बसून हे वळलं होतं आणि तिचीही बोटं संध्याकाळी दुखली असणार. ती बाईच असणार असं मी ठरवून टाकलं.

त्या तलम पानाचे तुकडे कापून, भाताच्या खळीनं मी बाकीच्या सहांच्या चिरा सांधल्या. आतली पानं उरली. ती टाकायला मन होईना. शेठनं सात मोजून दिले होते. मग मी सासूबाईंचा पुडा सोडला, तेंदूची मोठी पानं निवडली, दोन जोडली आणि ती परदेशी पानं आत घालून अंगठ्याएवढी जाड विडी वळली. वर आमचा लाल दोरा.

शेठ आणि त्यांच्या बाई अकराव्या दिवशी दुपारी आले, मोटारीनं. शेठ उंच, वाकलेले, बाई ठेंगण्या आणि बोलक्या. आल्या आल्या त्यांनी कौसाला विचारलं की मारुती एवढा वाळला कशानं. मारुतीनं मला मागच्या दारी ओढलं आणि हात जोडले. म्हणाला, "आक्का, चिरूट चांगलं झाल्यात. आता कशाला सांगायचं? त्यांना न्हाई कळायचं."

मी म्हटलं, त्यांना कळेल, आणि आपण बोललो नाही तेही कळेल.

मी लाल दोऱ्याची विडी कनवटीला खोचली. व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडलेल्या, एक दोस्ताची, रिकामी. सहाही चिरूट मी परत पेटीत ठेवले होते; शेठनं ती उघडली, त्यातला एक घेतला, कानाशी नेऊन बोटांत फिरवला. टोपी कापली. काडी पेटवून गंधक जळू दिलं आणि मग लांबूनच, चिरूट फिरवत फिरवत, टोकाला ऊब दिली. आम्ही विडी पेटवतो तशी घाई नाही. पहिला झुरका घेऊन धूर तोंडातच ठेवला आणि सोडला. दुसरा घेतला. राख पांढरी, घट्ट, बोटभर झाली तरी पडेना. मारुती खांबामागं उभा होता.

"मारुती," शेठ म्हणाले, "यामधी चूल कुठून आली रे?"

मारुतीनं खांब घट्ट धरला. मग मीच पुढं झाले आणि सगळं सांगितलं. बियाण्याची फळी, चार महिन्यांचा धूर, पाणी, माठ, खळ. मोलाची चीज म्हणजे बियाणं, म्हणून त्याच्याजवळ ठेवली, हेही. एक फुटला हे मात्र सगळ्यांत शेवटी.

शेठनं रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. "म्हणजे एक वरस कमी झाला माझा."

मी कनवटीची विडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "न्हाई शेठ. सातच हायती. सातव्याचं निस्तं लुगडं बदललंय."

आधी बाई हसल्या. मग शेठ, खोकला लागेपर्यंत. मारुतीला त्यांनी पुढं बोलावलं आणि विचारलं, बियाण्याशेजारी ठेवलास? खरंच? त्यानं मान हलवली. शेठ म्हणाले, मग माझ्या दोस्ताला इतका मान मुंबईमधी कोणी दिला नव्हता. मारुती तिथंच खाली बसला आणि डोळ्याला पटका लावला.

मग शेठनं मला झुरका घ्यायला लावला. मी मिसरी लावणारी बाई, मला कसली भीती? पण गिळायचा नाही म्हणाले, नुसता तोंडात घोळवायचा. तोंडात आधी आलं ते सुताराच्या रंध्याखालून निघालेलं ताजं लाकूड. मग भाजलेले कुळीथ, जरासे जास्त भाजलेले. मग पाऊस थांबल्यावर करवंदीच्या जाळीखालच्या पाचोळ्याचा वास, पण तोंडात. विडीसारखा घसा ओरबाडला नाही, मिसरीसारखं डोकं गरगरलं नाही, आणि मवाळ म्हणावा तर जिभेवरून जाईना. शेठ म्हणाले, हाच त्याचा गुण, मधला. पहिला हिस्सा गोड, दुसरा खोल, शेवटचा मिऱ्यासारखा, घाई केलीस तर तीनही कडू. अर्ध्या तासानं शेवटच्या हिश्शातला एक झुरका दिला. खरंच मिरं. आणि सगळ्याच्या मागं आमची चूल. शेठ म्हणाले, ती राहू दे, वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना शेंगदाण्याची चिक्की घेतली, सासूबाईंना दात कमी म्हणून राजगिऱ्याचीही. तुम्ही जाल तर आता सगळं दारात मिळतं, वलवणच्या वाटेवर रिक्षा जाते. पण थोडं चालाच, आणि पोचायची घाई करू नका.

घरी रखमा दारातच उभी होती. तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, हात मेले, एवढं रामायण धुरासाठी. सासूबाईंनी मात्र पुडा उघडून पानं मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, अख्खी पानं? चुरा अजिबात नाही? मी घडी कशी होती ते करून दाखवलं. त्यांनी ती स्वतः दोनदा करून पाहिली.

माझ्यापाशी राहिलं ते त्या चिरुटावरचं कागदी कडं, लाल आणि सोनेरी. शेठनं काढून माझ्या बोटात घातलं होतं. मनू लहानपणी ते घालून नवरी व्हायची, आता जपून ठेवलंय तिनं. आणि राहिलं ते दुसरं, की माझ्या बोटांना काय येतं ते मला त्या अकरा दिवसांत पहिल्यांदा कळलं.

निघताना शेठनं विचारलं होतं, ही तुझी लाल दोऱ्याची सातवी केव्हा ओढायची? मी म्हटलं, पान अजून ओलं आहे, नाताळापर्यंत मुरू द्या. त्यांनी बाईंकडं पाहिलं, बाईंनी मान डोलावली. म्हणाले, वरसातून एकचा नियम दोस्तासाठी होता, ही वेगळी, ही तुझ्याबरोबर, आम्ही दोघं येतो. घरी आल्यावर मी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं मोठं लिहिलं, जमेल तशा अक्षरात: नाताळानंतरचा पहिला रविवार, वलवण.